गोऱ्या स्ट्रॉबेरीचा हंगाम

आमच्या रानात पांढरी स्ट्रॉबेरी पहिल्यांदा पिकली तेव्हा सासूबाईंना वाटलं, फळाला कोड फुटलं. हातातलं फळ त्यांनी तिथंच टाकलं, पदराला बोटं पुसली आणि धाकट्या दिरांना म्हणाल्या, "आरं, काहीतरी औषध मार. बघवंना ते."

निरगुडसरची आमची शेती हे धाकटे दीरच बघतात. मी नारायणगावच्या एका ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, माझे यजमान मंचरला नोकरी करतात आणि सासूबाई, आम्ही दोघं, दीर आणि धाकटी जाऊ असे सगळे एकाच घरात राहतो. ऊस, कांदा, टोमॅटो तर दरवर्षीचेच. त्या वर्षी दिरांनी हौसेनं थोड्या जागेत स्ट्रॉबेरी लावली. रोपं वाईकडच्या एका रोपवाटिकेतून आणली होती. रोपवाल्यानं लाल जातीबरोबर दुसऱ्याच कुठल्या जातीची थोडी रोपं "लावून तर बघा" म्हणून दिली, ती दिरांनी कडेच्या दोन वाफ्यांवर लावून टाकली. संक्रांतीच्या सुमारास बाकीचे वाफे लाल झाले. या दोन वाफ्यांवरची फळंही फुगली, मऊ पडली, त्यांना अननसासारखा वास सुटला, पण रंग काही येईना. सायीसारखी पिवळट पांढरी फळं आणि त्यांच्यावर टाचणीच्या टोकाएवढ्या लाल बिया.

"वहिनी, हे काय हाय बघा बरं," दीर म्हणाले. "तुमच्या पुस्तकात असंल."

घरात माझ्या विषयाची गरज फारशी कुणाला पडत नाही. मी खुशीत वाफ्याजवळ बसले, एक फळ मधोमध तोडलं. आतूनही पांढरंच.

"रोग नाही हा," मी सांगितलं. "स्ट्रॉबेरी पिकताना तिच्यात लाल रंग तयार होतो. तो करायला लागणारं सामान या फळातही आहे. पण 'आता रंग करा' असा हुकूम देणारं एक जनुक असतं, ते या जातीत बिघडलेलं आहे. हुकूमच सुटत नाही. त्यामुळं फळ पिकतं, गोड होतं, पण पांढरं राहतं."

"एकच बिघडलं तर दुसरं न्हाई का देत हुकूम?"

दिरांचा प्रश्न चांगला होता. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. आपण खातो त्या स्ट्रॉबेरीत आठ असतात. म्हणजे हुकूम देणारे बरेच असायला हवेत. मी म्हटलं, "आहेत की, पण पिकणाऱ्या फळात मुख्यतः एकाच्याच आवाजावर काम चालतं. तोच मुका झाला की बाकीचे असून नसल्यासारखे."

"म्हंजी आमच्या ग्रामपंचायतीवानी," दीर म्हणाले आणि आम्ही दोघं हसलो.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "मंग बिघाडच म्हन की," एवढं बोलून त्या घराकडं निघाल्या.

त्यानंतरच्या रविवारी दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. घोडेगावहून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं हॉटेल आहे. चहा, मिसळ, पोरांना झोके, फोटो काढायला लाकडी बैलगाडी. देवदर्शनाला येणाऱ्या गाड्या तिथं थांबतात. आम्ही त्यांच्यापुढं दोन्ही रंगांच्या स्ट्रॉबेऱ्यांचं ताट ठेवलं. त्यांनी पांढरी उचलली, उजेडात धरली आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, ही तर गोरीपान हाय की!"

मला तो क्षण पक्का आठवतो, कारण सासूबाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. ज्या फळाला त्या कोड म्हणत होत्या, त्याच फळाकडं त्या आता कौतुकानं बघायला लागल्या. "आगं बया, खरंच की," म्हणाल्या. "पावणं, तुमची नजर लई बारीक."

मग दाजींनी मोबाईल काढला. "मॅडम, ह्या फळाबद्दल दोन शब्द बोला. लोकांना म्हाईतच न्हाई अशी जात असती म्हणून." ते मला मॅडम म्हणतात. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मला आजवर कळलेलं नाही. मी ओट्याजवळ उभी राहून नीट सांगितलं. मी अमुक विषय शिकवते, या फळात रंगाचा हुकूम देणारं जनुक बंद असतं, म्हणून ते पांढरं असतं. चवीला चांगलं आहे. आणि आमच्या लोकांच्या डोक्यात काय येईल याची कल्पना असल्यामुळं शेवटी हेही सांगितलं, की फळाचा रंग आणि माणसाच्या कातडीचा रंग ही दोन वेगळी द्रव्यं आहेत, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. दाजींनी मान डोलावली. दिरांनी दोन्ही वाफ्यांवरचा माल त्यांच्या गाडीत भरून दिला.

पुढं काही दिवसांनी मी अकरावीच्या मुलांना घेऊन भीमाशंकरच्या जंगलात झाडं ओळखायला निघाले. घोडेगाव सोडल्यावर मुलांनी चहासाठी गिल्ला केला आणि ड्रायव्हरनं बस नेमकी दाजींच्या हॉटेलापुढं लावली. खाली उतरण्याआधीच खिडकीतून एक भलामोठा फ्लेक्स दिसला. त्यावर निळ्या डोळ्यांचं, सोनेरी केसांचं परदेशी बाळ, आणि खाली लिहिलेलं: "गोरी स्ट्रॉबेरी! गरोदर मातांसाठी खास! बाळ गोरं, घर हसरं!"

एका मुलानं ते मोठ्यानं वाचलं. मग मागच्या बाकावरनं दुसरा एका मुलीला म्हणाला, "तुझ्या आईला मिळाली नाही वाटतं."

बस हसली. ती मुलगी माझ्या वर्गातली सगळ्यात सावळी. तीही हसली. तिनं दुसरं करायचं तरी काय? मी त्या मुलाला उभं केलं, माफी मागायला लावली. त्यानं मागितली, आणि ती खिडकीबाहेर बघत "असू दे मॅडम" म्हणाली. 

पण खरी किळसवाणी गोष्ट पुढंच होती. हॉटेलाच्या गल्ल्यामागं भिंतीवर टीव्ही लावला होता आणि टीव्हीवर मी होते. आमच्या ओट्यापुढं, घरातल्याच साडीत. "मी बायोलॉजी शिकवते," मी सांगत होते. "या फळात रंगाचा हुकूम देणारं जनुक बंद असतं, म्हणून ते पांढरं असतं." तिथं माझं बोलणं तुटलं. बासरी वाजली, तेच निळ्या डोळ्यांचं बाळ आलं आणि कुणा पुरुषाचा गोड आवाज म्हणाला, "आता रंगाची चिंता सोडा." मग पुन्हा मी.

माझी सगळी मुलं टीव्ही बघत होती. ती सावळी मुलगीही. तिनं एकदा पडद्याकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं. मी गल्ल्याशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे तोडून लावलेलं आहे. मी याच्या पुढं काय बोलले ते काढून टाकलंय. हे फळ खाऊन कुणाचं बाळ गोरं होत नसतं."

शेजारी एक बाई स्ट्रॉबेरीच्या डब्या निवडत होती. बरोबर तिची सून, पोट दिसायला लागलेली. बाईनं मला शांतपणे विचारलं, "पण खाल्लं तर नुकसान काही न्हाई ना?"

"धुऊन खाल्लं तर नुकसान नाही," मी म्हणाले. खोटं कसं बोलणार?

"मंग खाऊन बघायला काय जातंय," असं म्हणून तिनं डब्या घेतल्या. सुनेनं पिशवी पुढं धरली. माझ्या खऱ्या बोलण्यानं दाजींचं गिऱ्हाईक पक्कं झालं.

दाजी मला बाजूला घेऊन गेले. त्यांना राग आला नव्हता, उलट ते समजूत घातल्यासारखं बोलत होते. "मॅडम, तुमच्या तोंडी एक तरी शब्द खोटा घातलाय का मी? जे बोलला तेच लावलंय."

"निम्मं लावलंय."

"एवढं कोण ऐकतंय? आन् लोक केशराचं दूध पीत न्हाईत का? तुमच्या शिकलेल्या घरांत बी पितात. मी आपलं फळ देतो, ताजं फळ. ह्यात पाप काय?" ते हसले आणि मुलांना फुकट चहा द्यायला सांगितला. मुलांनी तो आनंदानं घेतला. मी बसमध्ये जाऊन बसले.

घरी येऊन मी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, व्हिडिओ काढायला सांगतो. सांगितलंही. टीव्ही काही दिवस बंद राहिला आणि मग तोच व्हिडिओ मोबाईलवर फिरायला लागला. स्टाफरूममध्ये एका मॅडमनी आपल्या भाचीसाठी चौकशी केली. जुन्नरहून दोन बायका रिक्षा करून थेट घरी आल्या, एक सासू आणि बुरख्यातली तिची दमलेली सून. दुसऱ्या दिवशी मंचरचे एक निवृत्त गुरुजी आले, लेकीसाठी. कुणाच्या घरात देवांचे फोटो असतील, कुणाच्या घरात बुद्धाची मूर्ती, कुणी नमाज पढत असेल. या एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. मी दारातच प्रत्येकाला समजावून सांगायचे. ते ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, "पण मिळंल का एखादी डबी?"

आणि हे सगळं चाललं असताना आमच्याच स्वयंपाकघरात रोज एक पेला भरला जात होता.

माझी जाऊ तेव्हा चौथ्या महिन्यात होती. सासूबाई रोज सकाळी पांढऱ्या स्ट्रॉबेऱ्या हातानं कुस्करायच्या आणि कोमट दुधात घालायच्या. फळाच्या आंबटपणानं दूध फाटायचं. पेल्यात वर पिवळसर पाणी, खाली गुठळ्या आणि त्यात अडकलेल्या लाल बिया. त्या पेल्याचा वास मला अजून येतो, आंबूस, गोडसर, पोराच्या ओकारीसारखा. जाऊ नाक दाबून तो प्यायची, मग मोरीत जायची. मोरीतून आल्यावर सासूबाई उरलेला अर्धा पेला पुढं करायच्या. "वाईच घे. बाळासाठी घे."

एकदा मी तो पेला त्यांच्या हातातून घेतला आणि मोरीत ओतला.

"तुला काय करायचंय?" सासूबाई म्हणाल्या. "तुला न्हाई कळायचं त्यातलं."

मी जावेकडं बघितलं. मला वाटलं ती माझ्या बाजूनं बोलेल. ती खाली बघून म्हणाली, "ताई, असू द्या. मी घेते."

दुपारी ती माडीवर पडली होती, मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, तुझा तरी यावर विश्वास आहे का?

"न्हाई," ती म्हणाली. "आन् हाय बी." जाऊ गोरी आहे. दीर काळे आहेत. "ताई, मी दहावी नापास. माझ्यात दुसरं काय बघितलं व्हतं ह्यांनी? मला बघाय आले तवा आत्याबाई माझा हात उजेडात नेऊन बघत व्हत्या. पोरगी झाली आन् ती बी काळी झाली, तर काय ऐकावं लागंल? तुमी शिकलेल्या. तुमचं निभावलं. सगळ्यांचं तसं निभावतं व्हय?"

माझं लग्न ठरताना मध्यस्थ प्रत्येक घरात म्हणायचे, "मुलगी सावळी आहे, पण एम.एस्सी. आहे." जुन्नरच्या फोटोवाल्यानं माझा फोटो इतका उजळून दिला होता की एका घरातल्यांनी मला बघून विचारलं होतं, फोटोतल्या मुलीची मोठी बहीण का? तेव्हा मी मान खाली घालून पोहे दिले होते. किळस तेव्हाही आली होती, फक्त ती कुठं टाकायची ते माहीत नव्हतं. त्या दिवशी माडीवर मला सासूबाईंची आली, दाजींची आली, आणि खरं सांगायचं तर त्या निरुपद्रवी फळाचीही आली. त्याचा काही दोष नसताना.

दोनेक आठवड्यांनी जावेच्या उलट्या थांबेनात. पाणीसुद्धा टिकेना. ओठ सुकून पांढरे पडले तेव्हा आम्ही तिला मंचरच्या एका दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाण्यात काय आलं? सासूबाईंनी अभिमानानं सांगितलं.

"फळ फवारलेलं असतं?" बाईंनी दिरांना विचारलं. दिरांनी मान हलवून हो म्हटलं. "धुतलेलं?"

"आमच्याच रानातलं हाय," सासूबाई म्हणाल्या, जणू आपल्या रानातलं औषध आपल्याला लागत नाही.

"आजी, फळाचा रंग पोटातल्या बाळाला लागत असता, तर डाळिंब खाणाऱ्यांची पोरं लाल झाली असती," बाई म्हणाल्या. "हे बंद. आजपासून बंद." आणि त्या पुढच्या खाटेकडं गेल्या.

दीर बाकावर बसले होते. ते तसे कमी बोलणारे, आईला कधी उलटून न बोलणारे. तेवढ्यात वॉर्डातली आया लादी पुसता पुसता सासूबाईंजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आजी, कुठं मिळत्यात वो त्या? माझ्या लेकीला पायजे व्हत्या." आणि सासूबाईंनी, सुनेच्या हातात सलाईनची सुई असताना, ती तिथं डोळे मिटून पडलेली असताना, कनवटीचा मोबाईल काढून आयेला दाजींचा नंबर सांगायला सुरुवात केली.

दीर उठले. "वहिनी, तुमी हितंच थांबता का?"

"कुठं निघालात?"

"रानात."

यजमान दवाखान्यात थांबले आणि मी दिरांबरोबर गाडीवर बसून आले. ऊन उतरलं होतं. दिरांनी वाफ्यावर अंथरलेला मल्चिंगचा प्लॅस्टिक कागद एका टोकानं धरला आणि ओढत नेला. रोपं मुळासकट उपटून येत होती. तोडणीतून सुटलेली फळं पानांखाली सडली होती. त्यांवर मुंग्या, गोगलगायी, राखाडी बुरशी. ती बोटांत फुटायची आणि चिकट पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. मीही ओढत होते. काही रोपांना नवी पांढरी फुलं होती, अगदी ताजी. दीर एकदा थांबले.

"वहिनी, झाड तर चांगलं व्हतं."

"चांगलंच होतं," मी म्हणाले.

ढीग बांधावर टाकला. बिबट्याच्या भीतीनं अंधार पडायच्या आत घरी आलो. साबणानं कितीदा हात धुतले तरी तो वास जाईना. लाल वाफे दिरांनी तसेच ठेवले, त्यांचा माल नारायणगावला गेला.

सासूबाई आमच्या दोघांशीही बरेच दिवस बोलल्या नाहीत. नणंदेनं फोनवर रडून घेतलं, की चांगला चाललेला धंदा मोडायला घरचेच निघाले. धंदा काही मोडला नाही. दाजींनी दुसरीकडून माल आणायला सुरुवात केली आणि फ्लेक्स आहे तिथंच आहे. कॉलेजात मी पुढच्या तासाला धडा बाजूला ठेवून पांढरी स्ट्रॉबेरी फळ्यावर घेतली. फळाचा रंग एका हुकमावर अडतो, आणि माणसाच्या कातडीचा रंग कितीतरी जनुकं थोडा थोडा वाटा उचलून ठरवतात. त्यात कुठलंच बिघडलेलं नसतं आणि कुठलंच बक्षीस नसतं. मुलांनी लिहून घेतलं. ती सावळी मुलगी तास संपल्यावर माझ्याजवळ आली आणि विचारलं, "मॅडम, मग तुम्ही व्हिडिओत तसं का बोलला?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं "बरं" म्हटलं. तिला पटलं का, ते मला कळलं नाही.

ऑगस्टमध्ये जावेला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. नर्सनं दुपट्यात गुंडाळून बाळ बाहेर आणलं तेव्हा मी, दीर आणि सासूबाई दारात होतो. बाळ लालसर होतं, जसं नुकतं जन्मलेलं कुठलंही बाळ असतं. सासूबाईंनी त्याचा चेहरा पाहिला, डोळे पाहिले नाहीत. त्यांनी एक बोट दुपट्यात घातलं आणि कानाची पाळी मागं दुमडली. कानाच्या कडेवरून बाळाचा पुढचा रंग कळतो म्हणतात. पाळीची कड गडद होती.

"बापावर गेली," त्या म्हणाल्या आणि दुपटं पुन्हा झाकलं. झाकताना चेहरा तसाच झाला होता, जसा रानात पहिलं पांढरं फळ टाकताना झाला होता.

मी बाळ घेऊन आत गेले. जावेनं बाहेरचं ऐकलं होतं. दार उघडंच होतं. तिनं बाळाला छातीशी घेतलं आणि मला म्हणाली, "ताई, तिचे डोळे बघितले का? कसली टक लावून बघती." मी म्हटलं, बघितले. खरंच सुरेख होते.

बाराव्या दिवसानंतर बाळाला न्हाऊ घालायला गावातली एक बाई यायची. सासूबाईंनी तिला वाटीत डाळीचं पीठ, साय आणि हळद कालवून दिली. "चांगलं रगड," म्हणाल्या. "रंग सुटंल." बाईनं पीठ हातावर घेतलं, बाळाच्या पाठीवर लावलं आणि रगडायला लागली. बाळ किंचाळलं. इवलीशी पाठ लाल झाली होती. मी मध्ये पडायला उठले, पण त्याआधी जाऊ खाटेवरून उतरली होती. बाळंतपणाच्या अंगानं, भिंतीला धरत ती पुढं आली आणि तिनं पिठाची वाटी उचलून मोरीच्या पलीकडं ठेवली.

"मावशी, नुसतं पाणी घाला," ती म्हणाली.

न्हाऊ घालणाऱ्या बाईनं सासूबाईंकडं बघितलं.

"तिकडं नगा बघू," जाऊ म्हणाली. "पोरगी माझी हाय. कोमट पाणी घाला, आन् पुसून द्या."

बाईनं तांब्या उचलला.